अठरा तासांचे वाचन आणि श्रमिकांचा वेळ

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत, महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत एक उपक्रम होत असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त तरुण-तरुणी सलग अठरा तास ग्रंथ घेऊन बसतात. पहाटे आरंभ झालेले हे वाचन रात्री उशिरा संपते. मध्ये जेवणाची आणि चहाची तेवढी सुटी. काही ठिकाणी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनीही, असेच वाचन होते. महापुरुषांच्या जयंत्या ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारून साजऱ्या करण्याची चाल सर्वत्र रूढ होत असताना काही तरुण अठरा तास शांत बसून वाचतात, ही घटना स्वागतार्ह आहे. तिचे स्वागत करण्यात कोणत्याही पुरोगामी माणसाने हात आखडता घेऊ नये.

परंतु चांगल्या उपक्रमाचे कर्मकांड होण्यास आपल्याकडे फार काळ लागत नाही. किती जण बसले, किती तास बसले, प्रमाणपत्रे किती वाटली, छायाचित्रात पाहुणे कोण होते, या मोजमापात मूळ हेतू हरवतो. म्हणून या उपक्रमाकडे विद्यापीठाच्या प्रशस्त ग्रंथालयातून न पाहता एखाद्या लहान गावातून पाहणे उपयुक्त ठरेल. अमरावती जिल्ह्यातील शेंदूरजनाघाट हे असे एक गाव आहे. तेथे पहिल्यांदाच दिवसभराच्या वाचनाला बसू पाहणाऱ्या मजुराच्या मुलीपुढे किंवा मुलापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते विद्यापीठाच्या आवारात सहसा कोणी विचारत नाही. त्या प्रश्नांतला पहिला प्रश्न असा की, हे अठरा तास आणायचे कोठून?

शेंदूरजनाघाट वरुड तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्यप्रदेशच्या सीमेलगत वसले आहे. वऱ्हाडातील संत्र्याच्या बागायतीत या गावाचे नाव आहे ते तेथील रोपवाटिकांमुळे. जंबेरीचे बी पेरायचे, रोप खुंटाएवढे जाड होईपर्यंत वाढवायचे, हिवाळ्याच्या हंगामात चांगल्या झाडाचा डोळा काढून त्या खुंटात भरायचा, पट्टी बांधायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर तयार कलम गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे, हा येथला उद्योग. डोळा भरणाऱ्या हाताला जे कळते ते वर्षानुवर्षांच्या अभ्यासानेच कळते. खुंटाची साल किती सुटली आहे, डोळा किती पक्व आहे, काप किती खोल हवा, हे ज्ञान आहे. त्याला केवळ मेहनत म्हणून बाजूला सारणे हा आपल्या समाजाचा जुना अन्याय आहे. जोतीराव फुले ज्या वर्गाला अविद्येच्या खाईत लोटला गेलेला वर्ग म्हणत, त्याच्या हातांत विद्या होती. नव्हती ती अक्षरे आणि अक्षरांसाठी लागणारी फुरसत.

ही फुरसत आजही सारखी वाटली गेलेली नाही. ज्याच्या मालकीची बाग आहे त्याला एक दिवस वाचनाला बसणे अवघड नसते; बाग त्याच्यावाचून एक दिवस तग धरते. रोपवाटिकेत निंदण करणारी किंवा बागेला पाणी देणारी व्यक्ती एक दिवस आली नाही तर तिचा रोज बुडतो. सालदाराला तर दिवस स्वतःचा म्हणावा अशी सोयच नसते. त्याचे वर्षच विकलेले असते. अशा घरातील मुलगी अठरा तास वाचायला बसते, तेव्हा तिच्या वाट्याची मजुरी, घरातले पाणी, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची देखभाल हे सारे कोणीतरी दुसऱ्याने उचललेले असते. बहुधा ते तिच्या आईने उचललेले असते. ग्रंथालयाच्या नोंदवहीत एक नाव वाचक म्हणून चढते. त्या अठरा तासांची किंमत ज्या दुसऱ्या स्त्रीने मोजली तिचे नाव कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

पहिल्यांदा असे वाचन करणाऱ्याचा दिवस कसा जातो हेही समजून घेतले पाहिजे, कारण त्यावाचून या उपक्रमाची रचना नीट करता येणार नाही. पहाटेचे पहिले दोन-तीन तास उत्साहात जातात. पाने भराभर उलटतात आणि अठरा तास म्हणजे काहीच नव्हे असा भ्रम होतो. दहाच्या पुढे मान आणि पाठ बोलू लागतात. दुपारच्या जेवणानंतर, बाहेर एप्रिलातले वऱ्हाडी ऊन तापलेले असताना, अक्षरे डोळ्यांपुढून सरकतात पण मनात उतरत नाहीत. एकच परिच्छेद तीनदा वाचला जातो. शाळेत नेमलेल्या धड्यापलीकडे सलग तासभरही वाचण्याची संधी ज्याला मिळालेली नाही, त्याला या वेळी स्वतःचीच लाज वाटू लागते आणि आपला हा प्रांत नव्हे असे वाटून तो उठण्याच्या विचारात असतो. जो या घडीला टिकतो त्याला संध्याकाळी एक वेगळा अनुभव येतो. सकाळी वाचलेल्या एखाद्या वाक्याचा अर्थ संध्याकाळी वाचलेल्या पानामुळे उलगडतो. एखादा विचार दिवसभर सोबत बाळगता येतो, तो तपासता येतो, त्याच्याशी भांडताही येते, हे त्याला प्रथमच कळते. तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्याला हे सहसा कळत नाही. मजुराच्या मुलाचे वाचन आयुष्यभर तुकड्यांतच झालेले असते, म्हणून असा अखंड दिवस त्याला इतर कोणाहीपेक्षा अधिक काही देऊन जातो.

या दिवसाला अठरा तासांचा आकडा चिकटला तो बाबासाहेबांच्या व्यासंगावरून. अठरा-अठरा तास अभ्यास करणारा विद्यार्थी ही त्यांची प्रतिमा घराघरांत पोचली आहे आणि ती प्रेरक आहे. पण प्रतिमेतला आकडा तेवढा घेऊन त्यामागची परिस्थिती सोडून देणे हा बाबासाहेबांवर अन्याय ठरेल. परळच्या चाळीत त्यांच्या कुटुंबाला एकच खोली होती. तीत माणसे, भांडी, धूर आणि गलबला असे. म्हणून मुलाने लवकर निजावे, रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला उठवावे आणि सारी चाळ झोपेत असताना दिव्याच्या उजेडात त्याने वाचावे, अशी सोय रामजी सुभेदारांनी लावली. म्हणजे त्या वाचनाचा आरंभ वेळ आणि जागा यांच्या टंचाईपासून झाला. पुढे १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे, नंतर लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, वेळ मिळताच त्याचा कण न् कण त्यांनी वापरला. १९१७ साली ते परतले तेव्हा त्यांचे सामान आणि ग्रंथ आणणारे जहाज युद्धात बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. त्यांनी पुन्हा जमवली आणि पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी.

या चरित्रातून जिद्दीचा धडा सगळेच घेतात. दुसरा धडा कमी घेतला जातो. इतक्या असामान्य बुद्धीच्या माणसालाही कोणीतरी मोकळी केलेली रात्र लागली, शिष्यवृत्ती लागली, सर्वांना उघडे असलेले ग्रंथालय लागले. त्या सोयी नसत्या तर ती बुद्धी त्याच चाळीत विझली असती. आज शेंदूरजनाघाटात, वरुडात, अचलपुरात, मूर्तिजापुरात अशा किती बुद्धी विझत असतील याचा हिशेब कोण ठेवतो? बाबासाहेबांनी अठरा तास वाचले, तुम्हीही वाचा, असे मुलांना सांगून वडीलधारी पिढी मोकळी होते. मुलांना वाचता यावे यासाठी आपण काय केले, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नाही.

सलग वाचनाची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. शेगावचे गजानन महाराज या मुलुखाचे श्रद्धास्थान आहे आणि दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथाच्या एकवीस अध्यायांचे एका दिवसात, एकाच बैठकीत पारायण करणारी माणसे येथे गावोगाव आहेत. तुकडोजी महाराजांची एकेचाळीस अध्यायांची ‘ग्रामगीता’ याच अमरावती जिल्ह्यात, मोझरीच्या गुरुकुंजातून, खेड्यापाड्यांत गेली. वरुडशेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे तेराव्या शतकात महानुभावांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, मराठी गद्याचा पाया घातला. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचा उल्लेख होतो त्या महदाइसेने आपले धवळे तेथेच रचले. त्याच रिद्धपुरात अलीकडे मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना झाली आहे. ग्रंथापुढे दिवसभर बसणे सामान्य माणसाला जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी या मुलुखातील पारायणाला बसणाऱ्या शेतकरी स्त्रियांकडे पाहावे. जेमतेम अक्षरओळख असलेली बाई श्रद्धेच्या बळावर एकवीस अध्याय पुरे करते. तिच्या ठिकाणी चिकाटी नाही असे कोण म्हणेल?

पारायणाकडून चिकाटी अवश्य घ्यावी. त्याची मर्यादा मात्र ओळखावी. पारायणात ग्रंथ पुरा करण्याला पुण्य आहे, ग्रंथाला प्रश्न विचारण्याला तेथे जागा नाही. कोणी काय वाचावे यावरही परंपरेने पहारे बसवले: ‘गुरुचरित्र’ स्त्रियांनी वाचू नये असा दंडक कित्येक घरांत आजही पाळला जातो. लोकभाषेत ग्रंथ लिहिणाऱ्या महानुभावांनीही पुढच्या काळात आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि शतकानुशतके ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. ग्रंथ लोकांचा असूनही लोकांपासून दूर कसा जातो याचे हे घरचेच उदाहरण होय. अठरा तासांचे वाचन हे नवे पारायण झाले, बाबासाहेबांचे खंड पोथीसारखे ओवाळून पुन्हा कपाटात गेले, तर ज्याने आयुष्यभर पोथीनिष्ठेशी झुंज दिली त्याच्याच नावाने नवी पोथी निर्माण केल्यासारखे होईल. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी स्वीकारले होते. ज्या जिल्ह्याला हा इतिहास आहे, तेथे तरी वाचन हे प्रश्न विचारण्याचे साधन राहिले पाहिजे.

या बाबतीत आधार घेण्याजोगी दुसरी परंपरा आहे, ती सत्यशोधकांची. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पुरा केला, पण तो छापून होण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना जमवून त्यांनी त्यातील प्रकरणे स्वतः वाचून दाखवली. ज्यांच्याविषयी ते पुस्तक होते त्यांना अक्षर येत नव्हते, म्हणून लेखकच पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेला. बडोद्याच्या सयाजीरावांनाही जोतीरावांनी ते ऐकवले. याच सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सर्वत्र सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण केले, १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या तज्ज्ञाला बोलावून गावोगावी ग्रंथालये उभारण्यास प्रारंभ केला आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती दिली. एका राजाच्या सद्बुद्धीने एवढे घडले. मात्र राजाच्या सद्बुद्धीवर अवलंबून राहावे लागू नये यासाठीच लोकशाही असते, हेही विसरता कामा नये.

वाचून दाखवण्याची ही रीत कामगारांच्या चळवळीने जगभर वापरली. क्युबात हवाना शहरातील ‘एल फिगारो’ या सिगारच्या कारखान्यात १८६५ साली कामगारांनी एक वाचक ठेवला. तंबाखूची पाने वळणाऱ्या हातांना उसंत नसे, पण कान मोकळे होते. वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत आणि कोणते पुस्तक वाचायचे हेही तेच ठरवत. वर्षभरातच, १८६६ साली, स्पॅनिश राजवटीने या वाचनावर बंदी घातली. ऐकणारा कामगार धोकादायक असतो हे राज्यकर्त्यांच्या लवकर ध्यानात आले होते. पुढे ही प्रथा पुन्हा उभी राहिली आणि क्युबात ती आजही चालू आहे. आपल्या देशात केरळच्या कण्णूर भागातील विडी कामगारांनीही हेच केले. एक जण वर्तमानपत्र वा पुस्तक वाचून दाखवी आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. एकाच्या वाचनासाठी दहांनी आपले हात थोडे जास्त चालवले. त्याची मजुरी बुडू दिली नाही. वाचनाचा वेळ सामूहिक रीतीने कसा निर्माण करता येतो याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

महाराष्ट्रात वेळेचा हा लढा जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारला. ‘दीनबंधु’ चालवणाऱ्या या सत्यशोधकाने १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी मागितली. १० जून १८९० पासून रविवारची सुटी गिरणी कामगारांच्या पदरात पडली. विश्रांतीला आणि देशबांधवांसाठी काही करण्याला एक दिवस हवा, अशी त्या मागणीमागची दृष्टी होती. वाचनाचा प्रश्न आणि कामाच्या तासांचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्या पिढीला पुरते उमगले होते. शेतमजुराच्या बाबतीत मात्र तो रविवार आजही उगवायचा आहे. बागेतल्या, वावरातल्या माणसाला कामाविना दिवस मिळतो तो काम न मिळाल्यामुळे. आणि असा दिवस उपासाचा असतो, वाचनाचा नसतो.

येथे काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, पोटाची भ्रांत असलेल्याला पुस्तक देणे ही चैन आहे. आधी भाकरी द्या. भाकरीचा अग्रक्रम कोणी नाकारत नाही. पण वरुड तालुक्याचेच उदाहरण घ्या. संत्र्याच्या बागा जगवण्यासाठी एकापेक्षा एक खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या आणि भूजलाचा अतिउपसा झालेला तालुका म्हणून त्याची शासकीय नोंद झाली. पाणी खाली गेले की आधी मोडतो तो लहान शेतकरी, आणि त्याच्या बागेवर पोसणारा मजूर. भूजलाविषयी कायदा काय सांगतो, किमान वेतन किती ठरले आहे, फळाचा भाव कोठे आणि कोण ठरवतो, हे ज्याला वाचता येते तोच भाकरीसाठी नीट भांडू शकतो. भाकरी आणि पुस्तक यांत निवड करायला लावणे हा पोट भरलेल्यांचा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप तरुणांकडूनच येतो. अठरा तास वाचायचेच तर स्पर्धा परीक्षेचे वाचू. त्यातून नोकरी तरी मिळेल. ही भावना समजण्यासारखी आहे. वऱ्हाडातील गावोगावच्या अभ्यासिकांत पैसे भरून जागा घेणारी शेकडो मुले मार्गदर्शक पुस्तकांची घोकंपट्टी करत वर्षे काढत आहेत. त्यांच्या कष्टांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु जागा मोजक्या आणि उमेदवार अफाट, अशा शर्यतीत बहुसंख्यांच्या वाट्याला अपयशच येणार, हे गणित त्यांना कोणी सांगत नाही. एवढ्या नोकऱ्या का नाहीत, शेती का पोसत नाही, हा प्रश्न त्या मार्गदर्शक पुस्तकांत नसतो. वर्षातला एक दिवस तरी या प्रश्नांच्या पुस्तकांसाठी राखून ठेवला तर शर्यतीतल्या तरुणाचे काही बिघडणार नाही. उलट आपले अपयश हे आपल्या एकट्याचे नाही, एवढे त्याला कळले तरी त्या दिवसाचे सार्थक झाले.

आता शासनाच्या जबाबदारीकडे वळले पाहिजे. २०१५ पासून महाराष्ट्र शासन १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळते. २०१७ साली सातारा जिल्ह्यातील भिलारला पुस्तकांचे गाव झाले. २०२५ च्या जानेवारीत ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हे पंधरवड्याचे अभियान झाले. प्रेरणा झाली, संकल्प झाला; पुस्तके आणि ती देणारा माणूस यांचे काय? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा आहे. मद्रासने १९४८ सालीच आपल्या कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद केली; कर्नाटक आणि केरळ यांनीही पुढे तोच मार्ग धरला. महाराष्ट्राच्या कायद्याने ग्रंथालयांना हक्काचे उत्पन्न दिले नाही, त्यांना अनुदानाच्या दारात उभे केले. २०१२ च्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे वर्षानुवर्षे थांबले. २०२२ साली मंत्रिमंडळाने अनुदानात साठ टक्के वाढ मंजूर केली तिचा मोठा गाजावाजा झाला. पण तिचा हिशेब असा की, सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजार रुपये झाले. महिन्याला चार हजार! त्यात पुस्तके, वीज, वर्तमानपत्रे आणि ग्रंथपालाचे मानधन. राज्यातील हजारो ग्रंथालयांतील सेवक वेतनश्रेणीसाठी दशकानुदशके आंदोलने करत आहेत. ज्या राज्यात ग्रंथपालाचे मानधन शेतमजुरीच्या जवळपासही जात नाही, त्या राज्याने लोकांना वाचनाची प्रेरणा द्यावी यातला विनोद क्रूर आहे.

ग्रंथालयशास्त्राचे भारतीय प्रणेते शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे मांडली त्यांतले चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. पुस्तक शोधण्यात वाचकाची घडी फुकट जाऊ नये, हा त्याचा रोख. सकाळी कामावर जाऊन अंधार पडल्यावर परतणाऱ्या मजुराच्या दृष्टीने मात्र या सूत्राचा पहिला अर्थ एवढाच की, त्याला मोकळीक असते त्या वेळी ग्रंथालयाचे दार उघडे असावे. मजूर कामावर असताना जे उघडे असते आणि तो परतण्यापूर्वी बंद होते, ते ग्रंथालय कागदोपत्री कितीही सार्वजनिक असो, त्याच्यासाठी नाही.

तेव्हा शेंदूरजनाघाटसारख्या गावांत दिवसभराचे वाचन घ्यायचे असेल, आणि ते अवश्य घ्यावे, तर काही गोष्टी आधी ठरवाव्यात. जो मजुरीवर जाणारा आहे त्याचा त्या दिवसाचा रोज गावाने वर्गणीतून द्यावा. जयंतीच्या रोषणाईचा खर्च थोडा आवरला तरी एवढे पैसे उभे राहतात. मुली आणि स्त्रिया निम्म्या असाव्यात, आणि त्या दिवशीची चूल पुरुषांनी सांभाळावी. सामुदायिक जेवणाची व्यवस्था असेल तर दहा घरांतल्या दहा बायका त्या दिवशी मोकळ्या होतील. पहिल्यांदाच बसणाऱ्यावर अठरा तासांची सक्ती नको. चार तास बसला तर चार तासांचा मान. पुढच्या वर्षी तो सहा तास बसेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एका दालनात मोठ्याने वाचन चालावे. कलम बांधणारा जुना जाणता तेथे ऐकायला बसला तर त्याच्यासमोर फळबागेवरचे पुस्तक वाचावे आणि त्यात काय चुकले आहे हे त्यालाच विचारावे. विद्येची देवघेव दोन्ही बाजूंनी होते याचा प्रत्यय मुलांना तेथे येईल.

काय वाचावे याचा पक्का आदेश कोणी काढू नये. बाबासाहेबांचे आणि जोतीरावांचे ग्रंथ असावेत, ‘ग्रामगीता’ असावी, चांगल्या कथा-कादंबऱ्या असाव्यात, आणि त्यांच्याच शेजारी किमान वेतनाचा व भूजलाचा कायदाही असावा. ‘ग्रामगीते’ला प्रश्न विचारण्याची मुभा असावी, तशी बाबासाहेबांनाही. शेवटचे दोन तास वाचनासाठी न ठेवता बोलण्यासाठी ठेवावेत. कोणाला काय पटले, काय पटले नाही, काय समजले नाही, हे प्रत्येकाने उभे राहून सांगावे. ज्या मुलीने आजवर चारचौघांत तोंड उघडले नाही, ती त्या रात्री एका पुस्तकाशी आपला मतभेद मांडू शकली तर साऱ्या प्रमाणपत्रांहून ती कमाई मोठी.

एप्रिलमध्ये ११ तारखेला जोतीरावांची जयंती येते, १४ ला बाबासाहेबांची. दोन आठवड्यांनी १ मेचा कामगारदिन येतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, या मागणीसाठी शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली रक्त सांडले. त्या स्वतःच्या आठ तासांत माणूस काय करणार, याचे एक उत्तर अठरा तास वाचणारे तरुण देत आहेत. ते उत्तर वर्षातून एकदा देऊन भागणार नाही. म्हणून या उपक्रमाची परीक्षा १४ एप्रिलच्या रात्री किती जण जागे होते यावर करू नये. ती १५ एप्रिलच्या संध्याकाळी करावी. त्या दिवशी कामावरून परतलेली मुलगी अर्धवट राहिलेले पुस्तक मागायला आली, तेव्हा ग्रंथालयाचे दार उघडे होते काय, आत दिवा होता काय, ते पुस्तक तिला घरी नेता आले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे नगरपरिषदेने, ग्रंथालयाच्या चालकांनी आणि शासनाने द्यायची आहेत. ती होकारार्थी येईपर्यंत मागत राहणे हे त्या दिवशी वाचायला बसलेल्या प्रत्येकाचे काम आहे.